भरतीचेच आकडे

आमच्या घरात सासूसुनेच्या भांडणावाचून आठवडा जात नाही. ते मिठावरून किंवा भांड्यांवरून झालं असतं तर मी केव्हाच माघार घेऊन मोकळी झाले असते. पण आम्ही भांडतो खाडीच्या पाण्यावरून, आणि तिथे माघार घेणं दोघींच्याही रक्तात नाही. उथळ समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती तरंगत असते, तिला प्लवक म्हणतात. मासे काय, शिंपले काय, सगळ्यांचं पोट शेवटी तिच्यावर चालतं. ती कुठल्या ऋतूत किती वाढते हे मोजायचं, हे आम्हा दोघींचं नोकरीचं काम. सासूबाई बाटल्यांनी मोजतात, मी उपग्रहाच्या चित्रांवरून. संस्था एक, मजला एक, जेवायचं टेबलही एकच. आकडा तेवढा एक नाही.

धक्क्यावर सासूबाईंना सगळे बाटलीबाई म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्या ओ देतात. त्यांची पद्धत सांगायला सोपी, करायला महाकठीण. पहाटे खाडीच्या मध्यावर जायचं, तिथलं पाणी दोन बाटल्यांत भरायचं, एक पारदर्शक आणि एक काळी, आणि दोन्ही तिथेच पाण्यात दोरीला टांगायच्या. पारदर्शक बाटलीतलं प्लवक दिवसभर उजेडात प्राणवायू तयार करतं. काळ्या बाटलीतलं नुसताच श्वास घेतं, म्हणजे होता तो प्राणवायू संपवत बसतं. संध्याकाळी दोन्ही काढून मोजल्या की फरकावरून कळतं, खाडीने आज किती पिकवलं. बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी सगळं पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आहे, त्यामुळे तो बुडबुडा अजून माझ्या स्वप्नात येतो.

"आई, तुमच्या दोन बाटल्यांत अख्खी खाडी मावत नाही," मी म्हणायची.

"आणि तुझ्या उपग्रहाला चिखल आणि प्लवक यांतला फरक कळत नाही," त्या म्हणायच्या. "पाणी उथळ, तळ दिसतो, तळावर गवत. तो वरून बघतो आणि म्हणतो, अहाहा, काय हिरवं!"

यात तथ्य आहे हे मी संस्थेत कबूल करते. घरात नाही.

इतकी वर्षं हे सगळं चेष्टेवारी चाललं होतं. त्या वर्षी मात्र भांडणाला धार आली, कारण सासूबाईंचे आकडे खाडीचा वापर ठरवणाऱ्या सरकारी समितीसमोर जाणार होते. त्यांचं म्हणणं असं, की खाडीतलं वसंतातलं पीक वर्षानुवर्षं घसरत चाललंय, आणि ते खातात शिंपले. आमच्या खाडीत बरीच कुटुंबं पाण्यात दोऱ्या सोडून त्यांवर शिंपले वाढवतात. दोऱ्या फार झाल्या, खाडीला झेपत नाहीत, तेव्हा निम्म्या काढा, अशी त्यांची शिफारस होती. बाटलीबाईंनी सांगितलं म्हणजे समिती ऐकणार, यात कुणालाच शंका नव्हती. त्या दोऱ्यांपैकी सगळ्यात आतल्या बाजूच्या, म्हणजे सगळ्यात आधी काढल्या जातील अशा, त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या होत्या. तो माझा नवरा.

निम्म्या दोऱ्या गेल्या असत्या तर त्याला धंदा बंदच करावा लागला असता. उरलेल्या निम्म्यांवर बोटीचा खर्चसुद्धा निघत नाही. आईला तो एकदाही काही बोलला नाही. त्याचा स्वभावच तसा, आतल्या आत कढणारा. तिची बाजू घेऊन माझ्याशीच वाद घालायचा. "आई मोजते ना, मग बरोबरच असणार," म्हणायचा. मला राग यायचा, कारण माझ्या चित्रांत घसरण दिसत नव्हती. फुगलेला असेल माझा आकडा, असू दे, पण दरवर्षी सारखाच फुगलेला होता. हे मी दहा वेळा मांडलं आणि दहा वेळा "नवऱ्याचा कैवार" एवढंच उत्तर मिळालं.

तर त्या दिवशी सासूबाईंचा मदतनीस तापाने फणफणला, आणि दोरी धरायला माझी नेमणूक झाली. मी धक्क्यावर पोचले तेव्हा सासूबाई बोटीत उभ्या, कमरेवर हात, आणि बोटवाला लांब कुठेतरी बघतोय.

"आलात? या! सावकाश या!" त्या कडाडल्या. "पाणी काय तुझी वाट बघत थांबणार आहे? उतरायला लागलं की ही बोट बसलीच चिखलात. मग काय, बाटल्या डोक्यावर घेऊन चालत जायचं?"

"पाचच मिनिटं झाली, आई."

"पाच मिनिटांत बोटीखालचं पाणी जातं इथे! भरतीलाच निघायचं आणि भरतीलाच परत यायचं, दुसरा उपाय नाही. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

मी बोटीत चढले, तोंड मिटून. सून म्हणून असं कधी करत नाही, पण त्यांचं ते भरतीचं वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं होतं. बाटल्या भरून, टांगून झाल्या, तरी ते डोक्यातून निघेना. पाणी स्वच्छ होतं. सासूबाईंनी पांढरी तबकडी दोरीने सोडली, पाणी किती गढूळ आहे ते बघायला, आणि ती खाली खाली जात राहिली तरी दिसत होती.

"आई, ओहोटीला कधीच येत नाही तुम्ही?"

"कशी येणार? उडत? सांगितलं ना, वाटेत गाळ आहे."

"पूर्वी?"

"पूर्वी काय, गाळ काढायचे दरवर्षी. ठरलेल्या वारी पहाटे निघायचं, भरती असो नाहीतर ओहोटी असो. मग गाळ काढणं बंद झालं, वाट वर्षागणिक भरत गेली, एकेक ओहोटी सुटत गेली, आणि आम्ही भरतीचे गुलाम झालो."

"कधी बंद झालं?"

"तुझं लग्न व्हायच्या जरा आधी."

सासूबाईंचा आलेख मला तोंडपाठ आहे. त्यांच्या खोलीत भिंतीवर लावलाय, आणि त्याच्यावरून माझी थट्टा केल्याशिवाय त्यांचा एक पाहुणा परत जात नाही. रेघ वर्षानुवर्षं सरळ चालते आणि माझ्या लग्नाच्या सुमारास खाली कलते. "ही घरात आली आणि खाडी आटली," असं त्या सांगतात आणि सगळे खोखो हसतात. मीही हसते. त्या पहाटे मला हसू आलं नाही.

भरतीला खाडीत बाहेरचा समुद्र भरतो. ते पाणी निवळ असतं, त्यात प्लवक कमी. खाडीचं स्वतःचं हिरवं पाणी तेव्हा आत, कोपऱ्याकोपऱ्यांत ढकललं जातं, आणि ओहोटीला ते मध्यावर येतं. गाळ भरल्यापासून बाटलीबाईंनी त्या पाण्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पूर्वीच्या आकड्यांत भरती होती आणि ओहोटीही होती. नंतर ओहोट्या कमी कमी होत नुसती भरती उरली. रेघ कलणारच! शिंपल्यांनी काही खाल्लं नव्हतं, किंवा खाल्लं असलं तरी ते या रेघेत दिसत नव्हतं.

मी आधी नवऱ्याला सांगितलं. तो जाळ्यांना गाठी मारत होता. ऐकून घेतलं, आणि पुढची गाठ मारायला लागला.

"अरे, काहीतरी बोल!"

"काय बोलू? आईचा आकडा मोडून मला दोऱ्या वाचवायच्या नाहीत."

"मोडायचा कुठे? तो आकडा खरा आहे, पण अर्ध्याच खाडीचा आहे."

"लोक म्हणतील सुनेने नवऱ्यासाठी शोधून काढलं."

"लोकांच्या तोंडाला कुलूप घालायला मी नोकरी करते का?"

"आणि आईला काय वाटेल?" त्याने विचारलं.

सासूबाई निवृत्तीला आल्या होत्या. ती घसरती रेघ म्हणजे त्यांच्या सगळ्या कामाचं फळ होतं. दूरदूरच्या संस्था ती दाखवून विद्यार्थ्यांना शिकवतात. ती पुसायची म्हणजे बाईला मखरातून उतरवण्यासारखं होतं. पण गप्प बसले असते तर नवऱ्याच्या दोऱ्या एका चुकीच्या रेघेपायी निघाल्या असत्या, आणि मला रोज त्याच टेबलावर दोघांनाही वाढावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं.

त्या रात्री सासूबाई टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या, नवरा पलीकडे बसला होता. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. वाट, गाळ, भरती, रेघ. त्यांचे हात थांबले नाहीत. बोलून संपलं तसं त्यांनी वर न बघताच विचारलं.

"त्याने पढवलं?"

मला असं लागलं म्हणता! डोळ्यांत पाणीच आलं, आणि रागाने आलं.

"आई, मला काय वाटेल ते म्हणा. उशिरा येणारी म्हणा, उपग्रहवाली म्हणा. पण मला कुणी पढवलं की मी आकडा बदलते, असं म्हणू नका. मोजायला तुम्ही शिकवलंत मला. बुडबुडा राहिला म्हणून सतरा वेळा ओतायला लावलंत. ते सगळं काय गंमत म्हणून?"

त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली आणि उठून गेल्या. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घराचा खांबच काढून घेतलाय. आम्ही दोघंच जेवलो.

सकाळी त्या माझ्या आधी उठलेल्या. चहा गाळता गाळता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ओहोटीला मध्यावर पोचायचं कसं, ते सांग. संस्थेची बोट जाणार नाही."

आता खरी पंचाईत होती. ओहोटीला त्या वाटेने फक्त एकाच प्रकारच्या बोटी जातात. शिंपलेवाल्यांच्या. सपाट तळाच्या, गुडघाभर पाण्यातही तरंगणाऱ्या. नवऱ्याची तशीच आहे, आणि गाळ भरला त्याच वर्षी त्याने आईला म्हटलं होतं, "माझ्यातून चल." तेव्हा त्यांनी त्याला झाडलं होतं. ज्यांच्या दोऱ्यांचा निवाडा करायचा त्यांच्याच बोटीत बसून मोजायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून त्या शिंपलेवाल्यांकडचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. आणि नेमक्या त्या सचोटीनेच त्यांना इतकी वर्षं ओहोटीपासून लांब ठेवलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की रात्रभर त्याच विचारात काढली होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि मुलाला हाक मारली. "तुझी बोट लागेल. बाटलीला हात लावायचा नाही. दोरीलाही नाही. आणि तोंड उघडायचं नाही."

"बरं," तो म्हणाला.

"उघडलंस ना!"

पुढच्या आठवड्यात पहाटे ओहोटी आली आणि आम्ही निघालो. धक्क्याची खालची पायरी शेवाळाने निसरडी झालेली, बोट हलती. सासूबाईंचा तोल गेला. नवऱ्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "हात देऊ? की तेही चालणार नाही?"

"दे, दे. हाताने काही आकडा बदलत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्याचा हात धरून आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलाच्या बोटीत बसल्या. तो पुढे तोंड करून वल्हवायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

मध्यावरचं पाणी पाहून मी सुखावले, खोटं कशाला बोलू! काहीसं हिरवं, काहीसं तपकिरी, दाट. सासूबाईंनी तबकडी सोडली तर हातभर जाऊन दिसेनाशी झाली.

"चिखल आहे," त्या म्हणाल्या.

"असेलही. पण चिखल प्राणवायू तयार करत नाही. बाटली सांगेल."

"मला शिकवतेस?"

"तुमचंच वाक्य आहे, आई."

त्यांनी बाटल्या भरल्या. एका बाटलीत बुडबुडा राहिला, ती त्यांनी स्वतःच ओतून पुन्हा भरली. जोड्या टांगल्या आणि संध्याकाळच्या ओहोटीला आम्ही त्या काढून आणल्या.

मोजताना त्या प्रयोगशाळेत कुणाला बोलू देत नाहीत. बाटलीतल्या पाण्यात औषधं घालायची, मग ते निळं करायचं, आणि वरून नळीतून दुसरं औषध थेंब थेंब सोडत तो निळा रंग घालवायचा. जितके थेंब जास्त तितका प्राणवायू जास्त. काळी बाटली लवकर संपली. मग त्यांनी पारदर्शक घेतली. नळीतलं औषध किती खाली आलं की रंग जातो हे त्यांच्या हाताला पाठ आहे. औषध तिथवर आलं आणि हात सवयीने सैल पडला. रंग गेला नव्हता. त्यांनी पुन्हा नळी सोडली. थेंब पडत राहिले आणि पाणी निळंच राहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून खिडकीबाहेर बघत होते. शेवटी रंग गेला. त्यांनी दुसरी जोडी घेतली, मग तिसरी. तिन्ही सारख्याच.

"भरतीच्या दुपटीच्या वर," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. मग लगेच, "एका दिवसाने काही सिद्ध होत नाही."

"नाही होत," मी म्हणाले.

त्या वसंतात मिळतील तेवढ्या ओहोट्यांना आम्ही गेलो, आणि भरत्याही सोडल्या नाहीत. ओहोटीचा आकडा प्रत्येक वेळी वर, भरतीचा प्रत्येक वेळी खाली. दोन्ही मिळून सरासरी काढली तर बरोबर तिथे जाऊन बसली, जिथे ती रेघ माझ्या लग्नाआधी चालत होती. खाडी आटली नव्हती. ती होती तेवढीच पिकत होती. माझ्या उपग्रहाचा आकडा तिच्याहून बराच फुगलेला निघाला, तेही सांगते, नाहीतर सासूबाई वाचतील आणि मला सोडणार नाहीत.

समितीच्या आदल्या दिवशी नवरा आईच्या खोलीत गेला. मी दारातच होते.

"आई, अहवाल तर आधीच गेलाय. आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. तुझं नाव जाऊ नये. मी दोऱ्या काढतो, दुसरं काहीतरी बघतो."

मला वाटलं त्या विरघळतील. कुठली आई विरघळली नसती!

"मूर्खा," त्या म्हणाल्या. "बाहेर जा. मला भाषण लिहायचंय."

समितीच्या दालनात एका बाजूला अधिकारी बसले होते आणि दुसऱ्या बाजूला शिंपलेवाली कुटुंबं, इस्त्रीचे कपडे घालून, तोंडं उतरलेली. बाटलीबाई उठल्या तशी कुजबुज थांबली. लिहिलेला कागद त्यांनी उघडलाच नाही.

"वसंतातलं पीक घसरतंय असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आले. ते चूक आहे. मी भरतीचंच पाणी मोजत होते. दोऱ्या काढा असं म्हणायला माझ्याकडे आज काहीही आधार नाही. त्या आकड्यांवर मी जे जे छापलं, ते सगळं मी मागे घेते. तशी पत्रं आज सकाळीच गेली."

अध्यक्ष गोंधळले. "बाई, ही चूक काढली कुणी?"

"माझ्या सुनेने."

"आणि ओहोटीला तुम्ही गेलात कशा?"

"माझ्या मुलाच्या बोटीतून."

मागून कुणीतरी हसलं. एक अधिकारी पुढे झुकून म्हणाला, "म्हणजे सून शोधणार, मुलगा नेणार, आणि फायदा मुलालाच. लोक काय म्हणतील?"

माझं डोकं असं भडकलं, की मी उठणारच होते. सासूबाईंनी नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बसले.

"लोकांनी म्हणावंच," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. "म्हणूनच सांगतेय कुणाच्या बोटीतून गेले ते. उद्या पहाटे ओहोटी आहे. ज्याला शंका असेल त्याने यावं, बोट त्याची त्याने आणावी. बाटल्या मी देते. आणि भरताना बुडबुडा राहिला तर पुन्हा भरायला लावीन."

दोऱ्या राहिल्या. यापुढे भरती आणि ओहोटी दोन्हींचं मोजमाप व्हावं असं ठरलं. बाहेर पडल्यावर शिंपलेवाल्यांनी त्यांना घेरलं, कुणी हात धरले, एक म्हातारी पाया पडायला लागली तर तिला त्यांनी रागावून उठवलं. "मी तुमच्यासाठी काही केलं नाही," असं त्या सगळ्यांना सांगत राहिल्या. लोकांना तो विनय वाटला. मला माहीत होतं की त्या खरं तेच सांगताहेत.

घरी येईपर्यंत त्या ताठ होत्या. चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, आणि माझ्याकडे वळल्या.

"आज स्वयंपाकाचं तू बघ," त्या म्हणाल्या. "मला जरा रडायचंय."

आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

नवरा दाराशी उभा राहिला. आतून आवाज येत होता. त्याने आईला रडताना कधी ऐकलं नव्हतं. त्याने कडीला हात घातला तसा मी त्याचा दंड धरला.

"माझ्या दोऱ्यांपायी हे झालं," तो म्हणाला. त्यालाही रडू फुटलं होतं.

"तुझ्या दोऱ्यांपायी नाही रे. आकड्यापायी. तुझ्यासाठी त्या एवढ्या रडल्या नसत्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग रडतारडताच हसला आणि म्हणाला, "खरंय." तो तिथेच दाराबाहेर जमिनीवर बसला, आणि मी डोळे पुसून स्वयंपाकाला लागले.